कर्म नसलेली ओळ

मंगळवार, २१ एप्रिल १९८१. सकाळी दहा वाजता तोमाबे स्टेशनसमोरच्या रेकॉर्डच्या दुकानात रेइ मिनाकामि हिच्या पहिल्या गाण्याच्या तीनशे तबकड्या विक्रीला लागल्या. संध्याकाळी पाचपर्यंत एकशे चौदा खपल्या. बुधवारी दुपारपर्यंत त्यांतल्या एकोणतीस परत आल्या. दुकानदाराने कारण विचारलं तेव्हा बहुतेकांनी नुसती मान हलवली. एक बाई म्हणाली, "घरात ठेवण्यासारखी नाही."

रेइ मिनाकामि हे कंपनीने ठेवलेलं नाव. गावात ती तोशिए हातायामा, वय एकोणीस, 'मेइशो-मारू' या साल्मन पकडायला जाणाऱ्या बोटीवरचे सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, तोराकिची हातायामा यांची एकुलती मुलगी. तीन वर्षांपूर्वी शाळा अर्धवट सोडून ती टोक्योला निघून गेली. त्या दिवसापासून बाप तिच्याशी बोललेला नाही. टोक्योहून फोन आला की तोराकिची उठून अंगणात जात.

यंदा मार्चमध्ये तिने आईला पत्र लिहिलं. १ मेला बोटी उत्तर समुद्रात निघतील तेव्हा धक्क्यावर गाणं म्हणायला यायची इच्छा आहे, असं त्यात होतं. शेवटी एक ओळ होती: बाबांना विचार, माझी फीत धरतील का.

बोट सुटताना धक्क्यावरचं माणूस कागदी फितीचं एक टोक हातात ठेवतं आणि गुंडाळी बोटीकडे भिरकावतं. बोटीवरचं माणूस ती झेलतं. बोट लांब जाते तशी फीत उलगडत जाते आणि शेवटी तुटते. ज्याच्याशी अबोला आहे त्याची फीत कुणी धरत नाही. त्यामुळे तोशिएने काय विचारलं होतं ते घरातल्या दोघांनाही कळलं. तोराकिचींनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "येऊ दे." तोशिएची आई यासु हातायामा त्याच दुपारी पोस्टात जाऊन हे दोन शब्द टोक्योला कळवून आल्या.

गाण्याचं नाव 'साम्बाशी', म्हणजे धक्का. निरोपाचं गाणं, गावची मुलगी, पहिली तबकडी: मच्छीमार सोसायटीने १ मेच्या सकाळी ते कर्ण्यांवरून वाजवायचं ठरवलं आणि तशी पत्रकं गावभर लावली. तोपर्यंत ते गावात कुणी ऐकलेलं नव्हतं.

अडचण एका ओळीत होती. 'नागेता नो वा वाताशी.' ध्रुपदात ही ओळ चार वेळा येते. 'नागेता' हे 'नागेरु'चं भूतकाळी रूप, आणि 'नो वा वाताशी' म्हणजे 'ते करणारी मी'. टोक्योत 'नागेरु' म्हणजे फेकणे. चेंडू फेकतात, फीत फेकतात. तोमाबेत, आणि या सगळ्या उत्तर किनाऱ्यावर, 'नागेरु' म्हणजे टाकून देणे. कचरा, माशांची मुंडकी, कुजलेलं जाळं. फीत आमच्याकडे फेकत नाहीत, 'देतात'. गीतकार टोक्योचा. त्याच्या डोळ्यांपुढे फीतच होती, पण आपल्या जपानीत चालतं तसं त्याने कर्म गाळलं. काय फेकलं ते गाणं कुठेच सांगत नाही. टोक्योत ऐकणाऱ्याने तिथे फीत घातली. तोमाबेत ऐकणाऱ्यांनीही रिकामी जागा भरून घेतली. टाकून दिलं ते मी. गाव, बोट, बाप, ज्याला जे सुचलं ते.

चार वर्षांपूर्वी परदेशांनी समुद्रात आपापली दोनशे मैलांची मासेमारीची हद्द आखल्यावर तोमाबेच्या एकोणीस बोटींपैकी आठ मोडीत निघाल्या. सरकारी कागदावर त्या 'कमी केलेल्या' बोटी आहेत. गावात कुणी तसं म्हणत नाही. गावात त्यांच्यासाठीही 'नागेरु' हाच शब्द वापरतात.

बुधवारी दुपारी सोसायटीच्या मासे साफ करायच्या शेडमध्ये यासु हातायामा नेहमीच्या जागी उभ्या होत्या. त्या तिथे एकवीस वर्षं काम करतात. समोरच्या टेबलावरच्या बाईने कॉडच्या मुंडक्यांनी भरलेला क्रेट पायाने त्यांच्याकडे सरकवला.

"यासु-सान, हे टाकायचंय. तुमच्याकडे रेकॉर्डवर आहे म्हणे, कसं टाकायचं ते."

दोघी-तिघी हसल्या.

"गाणं टोक्योच्या माणसाने लिहिलंय," यासु म्हणाल्या. "तिने नाही."

"तोंड कुणाचंय?"

"बाई, शब्दाचा अर्थ तिकडे वेगळा आहे."

"मग तिकडेच गा म्हणावं. इकडे कशाला तबकड्या पाठवल्या, आम्हाला ऐकवायला? टाकलं ते मी, टाकलं ते मी! चार-चार वेळा! एकदा टाकून समाधान नाही झालं पोरीचं?"

शेडच्या दुसऱ्या टोकाला हिसा कामाता सुऱ्या धुत होत्या. त्या सोसायटीच्या महिला शाखेच्या अध्यक्ष, वय अठ्ठावन्न. त्यांचा नवरा आणि थोरला मुलगा दोघेही मेइशो-मारूवर आहेत. त्या हसल्या नाहीत. "पुरे," त्या म्हणाल्या.  मग त्या यासुंकडे न बघता म्हणाल्या, "बोट निघते त्या दिवशी माझ्या घरातून चुलीतली राखसुद्धा बाहेर टाकत नाहीत. बोट दीपस्तंभापलीकडे जाईपर्यंत केराला हात लावत नाहीत. तुझ्याही घरात नाही लावत. आणि हे कर्ण्यावर लावायचं? आमची माणसं पाण्यात उतरताना?"

यासुंनी मुंडक्यांचा क्रेट उचलला आणि त्या मागच्या दाराने बाहेर गेल्या.

गुरुवारी महिला शाखेची बैठक झाली. शेहेचाळीस सभासदांपैकी एकेचाळीस जणींनी 'साम्बाशी' धक्क्यावर वाजवू नये म्हणून सह्या केल्या. यासुंनी सही केली नाही, आणि विरोधातही काही बोलल्या नाहीत.

शुक्रवारी सकाळी रेकॉर्ड कंपनीकडून सेगावा नावाच्या माणसाचा सोसायटीत फोन आला. तोशिएच्या कामाची जबाबदारी त्याच्याकडे आहे. फोन हिसा कामाता यांनी घेतला. ऑफिसात तेव्हा पाच माणसं होती आणि फोनवरचा आवाज सगळ्यांना ऐकू जात होता.

"अध्यक्षबाई, हा फक्त गैरसमज आहे," सेगावा म्हणाला. "ओळीचा अर्थ 'फीत फेकली ती मी' असा आहे."

"मग फीत म्हणायचं होतं."

"चालीत बसत नव्हतं."

"चालीत बसत नाही म्हणून आमच्या नवऱ्यांना टाकायचं?"

"अहो, कुणालाच टाकलेलं नाही! सगळ्या देशाला जे कळतं ते..."

"सगळा देश साल्मन खातो, साहेब. पकडायला आम्ही जातो."

 कंपनीची तयारी आहे, असं सेगावाने सांगितलं. धक्क्यावर गाताना तो एक शब्द बदलू. 'नागेता'च्या जागी 'दिली'. रविवारी गावच्या व्यायामशाळेत कार्यक्रम ठरलेलाच आहे, तिथेच बदललेलं गाऊन दाखवू. शनिवारी मुलगी स्वतः येऊन महिला शाखेला भेटेल.

"येऊ दे," हिसा म्हणाल्या. "तिच्या तोंडून ऐकू."

शनिवारी, २५ तारखेला दुपारी दोन वाजता सोसायटीच्या वरच्या मजल्यावर ही भेट झाली. तोशिए टोक्योतल्या कपड्यांत होती, फिकट पिवळा कोट, कापलेले केस. खोलीत शिरताच तिने गुडघे टेकून कपाळ चटईला लावलं आणि बराच वेळ वर केलं नाही. शेजारी सेगावा. यासु भिंतीपाशी मागे. समोर अकरा बायका. तोशिए जे बोलली ते चिटणीसबाईंनी लिहून घेतलं आहे. ती शुद्ध टोक्योच्या बोलीत बोलली.

"माझ्यामुळे आपल्या सर्वांना त्रास झाला, त्याबद्दल मी मनापासून क्षमा मागते."

"ते राहू दे," हिसा म्हणाल्या. "एक विचारते, तोशि. गाणं हातात आलं तेव्हा तो शब्द तू वाचलास?"

"हो."

"आणि तुला काही वाटलं नाही?"

सेगावा मध्ये पडला, "रेइ-सान तेव्हा खूप दडपणाखाली..."

"मी तुम्हाला विचारलं नाही. रेइ-सान कोण, मी ओळखत नाही. मी तोराकिचीच्या पोरीला विचारतेय. वाटलं की नाही?"

इथे तिच्यापुढे दोन उत्तरं होती. कळलं होतं पण बोलायची हिंमत झाली नाही, असं म्हणता आलं असतं. सेगावाने तिला येताना गाडीत तेच शिकवलं होतं, असं त्याने नंतर सांगितलं. तिने दुसरं उत्तर दिलं.

"नाही वाटलं, मावशी," ती म्हणाली. "मला आपल्याकडचा अर्थ ऐकूच आला नाही. तीन वर्षं रोज सकाळी दोन तास मला बोलायला शिकवलं. आपल्याकडचा एक शब्द तोंडातून गेला की पुन्हा पहिल्यापासून. गाणं आलं तेव्हा मला फक्त फीत दिसली. बाबांच्या हातातली. परवा आईचा फोन आला तेव्हा लक्षात आलं. मी खरं सांगतेय."

 मागच्या रांगेतली एक म्हणाली, "म्हणजे विसरली."

"हो."

"मग टाकलंच की."

तोशिएने मान वर केली.  हिसा कामाता म्हणाल्या, "कळलं असतं आणि गायली असती, तर चार शिव्या घातल्या असत्या आणि विषय संपला असता. आता शिव्या तरी काय घालू तुला?" त्या उठल्या. निर्णय पुढे ढकलला आहे, एवढंच चिटणीसबाईंनी लिहिलं.

यासु आणि तोशिए घरी गेल्या तेव्हा तोराकिची नव्हते. बोटीवर दोर बदलायचं काम काढून ते सकाळपासून तिकडेच होते. त्या दिवशी बोटीवर काय चाललं होतं ते बोटीच्या आचाऱ्याने सांगितलं. पोरं त्यांना चिडवत होती. "सारंग, या वर्षी किनाऱ्यावरच राहा. तुम्हाला टाकलेलं आहे, टाकलेलं बोटीवर घेतलं तर जाळ्यात मासा नाही येणार!" तोराकिचींनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. एकाने ध्रुपद म्हणायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी हातातला ओला दोर त्याच्या पायाशी आपटला. "चाल चुकतेय," ते म्हणाले. म्हणजे त्यांनी ते ऐकलं होतं. कुठे, कधी, ते घरी कुणाला माहीत नाही.

रविवारी व्यायामशाळेत चारशे माणसं होती. मोरिओका शहरातून तिच्या चाहत्या तरुण मुलांचा एक जथा आला होता, डोक्याला पट्ट्या बांधून, पिशवी भरून कागदी फिती घेऊन. शहरांतल्या कार्यक्रमांत गाण्याच्या ठरावीक जागी गायिकेवर फिती उधळतात. उधळण्याआधी गुंडाळीच्या मधला पुठ्ठा काढून टाकतात, म्हणजे फीत हवेतच मोकळी होते आणि कुणाला लागत नाही. मोरिओकाच्या मुलांनी तो काढलेला होता. तोमाबेच्या लोकांनी काढला नव्हता. धक्क्यावर कुणी काढत नाही. पुठ्ठ्याचं वजन नसेल तर गुंडाळी बोटीपर्यंत पोचणार नाही.

तोशिएने बदललेला शब्द गायला. 'दिली ती मी.' पहिल्या ध्रुपदाला मागून कुणीतरी ओरडलं, "आता देतेस होय!" दुसऱ्या ध्रुपदाला फिती उडाल्या. मोरिओकाच्या फिती तिच्या खांद्यांवर पडल्या. त्यांच्यामागून पाच-सहा गुंडाळ्या सरळ आल्या. एक तिच्या डाव्या भुवईवर लागली. ती दोन ओळी तशीच गायली, मग रक्त डोळ्यात गेलं आणि वाद्यं थांबली.

पोलिसांनी एका माणसाला बोलावून घेतलं. बर्फाच्या कारखान्यातला कामगार, नाव दोबाशी, वय बावन्न.

"मारायचं होतं?" पोलिसाने विचारलं.

"फीत दिली," दोबाशी म्हणाला.

"पुठ्ठ्यासकट?"

"मग कशी देतात?"

"मोरिओकाची पोरं पुठ्ठा काढतात."

"मला कुणी सांगितलं नाही. मी आयुष्यात बाईवर फीत टाक... फीत दिलेली नाही. बोटीलाच देतो. म्हटलं, पोर आपली आहे, एवढ्या लांबून पोचली पाहिजे."

"आणि ओरडलं कोण? 'आता देतेस' म्हणून?"

"तो मीच होतो," दोबाशी म्हणाला. "पण ते वेगळं."

पोलिसांनी त्याला सोडून दिलं. तोशिएच्या भुवईला चार टाके पडले.

मंगळवारी टोक्योतल्या एका साप्ताहिकाने मथळा दिला: 'जन्मगावाने केलेली दगडफेक'. लेखात पुठ्ठ्याचा उल्लेख नव्हता. त्या दिवशी टोक्योच्या दुकानांत तबकडी संपली. तोमाबेच्या नगरपालिकेत दिवसभर देशभरातून फोन येत होते. कुणी खेड्यातल्या गावंढळांना शिव्या घालत होतं, कुणी साल्मन खाणार नाही म्हणून सांगत होतं. बुधवारी सोसायटीच्या भिंतीवर लावलेली पत्रकं कुणीतरी फाडली आणि हातायामांच्या दारात माशांची आतडी पडलेली सापडली. यासुंनी ती उचलून समुद्रात टाकली, दार धुतलं आणि त्या कामावर गेल्या. शेडमध्ये त्यांच्याशी कुणी बोललं नाही.

त्याच दिवशी हिसा कामाता यांनी महिला शाखेचा निर्णय सांगितला. गाणं नाही, कोणत्याच शब्दांत नाही. मुलगी म्हणून यायचं असेल तर धक्का सगळ्यांचा आहे.

कंपनीचं उत्तर तासाभरात आलं. गाणं नसेल तर रेइ मिनाकामि येणार नाही. शिवाय तिच्या जिवाला धोका आहे. १ मेला तिचा नागोयाच्या रेडिओवर कार्यक्रम ठरला आहे. सेगावाने फोन ठेवण्याआधी सांगितलं, "तुमचं गाव तिला टाकतंय, हे लक्षात ठेवा." टाकून देण्यासाठी टोक्योत वापरतात तो दुसरा शब्द त्याने वापरला, 'नागेरु' नाही. हिसा म्हणाल्या, "आमचा शब्द वापरा, साहेब. आता तर सगळ्या देशाला येतो."

शुक्रवार, १ मे. सकाळी साडेआठ वाजता तोशिए हातायामा तोमाबे स्टेशनवर उतरली. नागोयात तिची वाट पाहत होते. तिने आईचा जुना निळा कोट घातला होता आणि भुवईवर पट्टी होती. स्टेशनसमोरच्या दुकानातून तिने एक पांढरी फीत घेतली. दुकानदाराने ती कागदात बांधून दिली नाही, नुसती गल्ल्यावर ठेवली.

धक्क्यावर सहाशेच्या आसपास माणसं होती. बोटींवर झेंडे लागले होते. मेइशो-मारू तिसऱ्या जागी होती. यासु पुढच्या रांगेत होत्या. तोशिए त्यांच्याकडे जायला निघाली तेव्हा मधल्या बायका बाजूला झाल्या नाहीत. कुणी ढकललं नाही, कुणी शिवी दिली नाही. फक्त जागा झाली नाही. ती तिसऱ्या रांगेत उभी राहिली. पुढे हिसा कामाता यांची पाठ होती.

दहा वाजता भोंगा झाला. दोर सुटले आणि फिती उडाल्या. तोशिएने तिची फीत दिली. ती पुढच्या दोन रांगांवरून गेली आणि बोटीच्या कठड्यावर, मधल्या भागात पडली, हे पाच जणांनी पाहिलं आहे.

तोराकिची हातायामा कठड्याशी नव्हते. ते बोटीच्या पुढच्या टोकाला दोरापाशी होते. बोट सुटताना सारंगाची जागा तीच असते. दरवर्षी दोर आत घेऊन झाले की ते कठड्याशी येतात आणि यासुंची फीत धरतात. या वर्षीही ते आले. यासुंची फीत त्यांनी उजव्या हातात धरली, याबद्दल दुमत नाही. डाव्या हाताबद्दल आहे. यासु म्हणतात, डाव्या हातात दुसरी फीत होती, पांढरी. हिसा कामाता म्हणतात, डावा हात कठड्यावर होता आणि पांढरी फीत आचाऱ्याने धरली होती. बंदराच्या कामगाराचं म्हणणं आहे, पांढऱ्या फिती पन्नास होत्या, कोणती कुणाची कसं सांगणार. तोशिएला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मला पुढच्यांच्या डोक्यांमुळे दिसलं नाही. ओढ लागली होती. कुणाची ते नाही सांगता येत."

हिसा कामाता यांना दुपारी शेडमध्ये पुन्हा विचारलं. त्या सुरीला धार लावत होत्या. "मी पाहिलं ते सांगितलं," त्या म्हणाल्या. "चांगलं व्हावं म्हणून खोटं नाही बोलणार. वाईट व्हावं म्हणूनही नाही." मग म्हणाल्या, "जागा द्यायला हवी होती, असं माझी सून म्हणते. तिला काय जातंय म्हणायला."

तोशिए त्याच दुपारच्या गाडीने परत गेली नाही. करार मोडल्याबद्दल कंपनीने तिला नोटीस पाठवली आहे. 'साम्बाशी' या आठवड्यात देशाच्या खपाच्या यादीत सत्ताविसाव्या क्रमांकावर आहे. तोमाबेच्या दुकानात एकशे एक्क्याऐंशी तबकड्या शिल्लक आहेत.

४ मेला सकाळी ती सोसायटीच्या रेडिओ खोलीत गेली आणि मेइशो-मारूवर वडिलांच्या नावे तार द्यायची आहे म्हणाली. मजकूर काय होता ते रेडिओवाला सांगत नाही, कायद्याने सांगता येत नाही. नऊ अक्षरं होती, एवढंच तो सांगतो, आणि लिहिताना तिने एक शब्द खोडून दोनदा बदलला.

तार पोचल्याची नोंद बोटीने त्याच संध्याकाळी दिली. त्यानंतर रोज सकाळी सहाला बोटीचा संदेश येतो: जागा, हवा, मासळी, माणसं सुखरूप. हातायामांच्या घरासाठी वेगळं काही नाही. १२ मेच्या, म्हणजे आजच्या, सकाळच्या संदेशातही नव्हतं.